टाकी, मोटार आणि विनायकचं पान

४ जानेवारी

टाकी पुन्हा वाहिली! महिन्यात तिसऱ्यांदा. लीलाबेन शेजारच्या गच्चीतून ओरडल्या, ‘सुधाबेन, टाकी छलकाय छे! मारा पापड पलळी गया!’ पापड भिजले म्हणे. मी तर मोटार लावलीही नव्हती. सासूबाई म्हणतात, ‘मी बटणाला हात लावला नाही गं.’ बटणानं स्वतःच लावून घेतला असेल.

माझी पद्धत बिनचूक. मोटार लावायची, भाजी निवडत शब्दरूपं म्हणायची. पुल्लिंगी संपून ‘नदी’ झाली की टाकी भरली! शाळेत एकोणतीस वर्षं संस्कृत शिकवल्याचा एवढा तरी उपयोग. आई ऐंशीच्या. त्यांना काय दोष द्यायचा. दिलाच म्हणा.

६ जानेवारी

बँक सोडल्यापासून विनायकनं घर चालवायला घेतलंय — कॉम्प्युटरवरून. त्यानं लिहिलेल्या प्रोग्रामनं दिवे, गीझर, मोटार, सगळं चालतं. फक्त त्यासाठी त्याच्या खोलीत जाऊन आधी त्याला उठवावं लागतं. आता त्या प्रोग्रामच्या पोटातच वेब सर्व्हर बसवतोय. ‘घरातल्या कुठल्याही फोनवर पान उघड सुधा, आणि दाब बटण!’ बटण भिंतीवर आहे, चार पावलांवर. पण निवृत्त माणसाचा आनंद नाजूक असतो.

९ जानेवारी

सर्व्हर अवतरला! पत्ता म्हणजे नुसते आकडे आणि टिंबं. पहिल्याच प्रयोगात मोटारीऐवजी देवघरातला दिवा लागला. आईंनी हात जोडले.

प्रत्येक फोनला नाव दिलंय. कोणी, किती वाजता, काय चालू-बंद केलं, सगळं पानावर उमटतं. आईंना फोन नको. ‘मला भिंत पुरे.’ म्हणून त्यांनी बटण दाबलं की पानावर येतं — ‘भिंत’. सासूला हे नाव मला सुचलं नसतं!

११ जानेवारी

पुन्हा वाहिली. आजही मी मोटार लावली नव्हती. म्हणजे आईच. श्रीरंगभाऊजींचा नाशिकहून फोन — ‘वहिनी, आज मोटार विसरली, उद्या गॅस विसरेल. कायमची इकडे आणतो, दिवसभराची बाई ठेवू.’ वीस तारखेचं तिकीट काढलंसुद्धा. आईंचं भजनी मंडळ इथे, लीलाबेनशी दुपारच्या गप्पा इथे.

१२ जानेवारी

सकाळी चहाला आई म्हणाल्या, ‘मीच विसरते गं मोटार. विनूला सांग, माझ्याच नावावर लिही.’ अखेर कबुली! मी मोठ्या मनानं ‘वयच आहे’ म्हटलं. दिवसभर ते मन मोठंच होतं.

१४ जानेवारी

उत्तरायण. गच्चीवर पतंग, खाली लीलाबेनचं उंधियुं. ‘नदी’ची षष्ठी आठवेना! विनायक सारखा ‘पान उघड, पान उघड’ करतो, मग दुसरं काय होणार.

१७ जानेवारी

पानावरची नोंद गायब. ‘दुरुस्ती चाललीय,’ म्हणाला. दूधवाल्यालाही बोलावून दाखवली होती, आणि बायकोपासून दुरुस्ती! ‘तू कशाला डोकं शिणवतेस?’ — इतक्या मऊ आवाजात बोलला, की मला राग यायचाच राहिला.

१९ जानेवारी

विनायक बाहेर गेला. नोंद त्याच्या कॉम्प्युटरवरच होती. लपवणंही धड जमत नाही.

११ जानेवारी. मोटार चालू, १०.०५ — सुधा. बंद, १०.५२ — भिंत.

१३. चालू — सुधा. बंद — भिंत.

१५. तेच. १६. तेच.

तेरापासून टाकी वाहिली नाही, कारण कोणीतरी लक्ष ठेवून उठत होतं.

यातली एकही वेळ मला आठवत नाही. एकही!

आतल्या खोलीत आई नाशिकची बॅग भरत होत्या. मी घडी केलेली लुगडी एकेक करून कपाटात परत ठेवली.

२० जानेवारी

तिकीट रद्द. परवा डॉक्टरांकडे जायचंय. मला.

सकाळी मोटार आईंनी लावली. माझ्यापुढे मेथीची जुडी ठेवली. ‘म्हण. अडलीस तर सांगते, बारा वर्षं ऐकतेय.’

अडले.

‘नद्याः,’ आई म्हणाल्या, आणि उठून मोटार बंद केली.