बाबांनी जोडून दिलेलं टोक

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (बरा आहे असं लिहू नकोस, काकांना विचारलंय.) इकडे बाबा ठीक. वायरमनचं काम सोडून वर्ष झालं, पण खिशातली काळी टेप काही सुटलेली नाही.

त्या टेपचंच सांगायचं आहे. मला शाळेत कायम करायचं की नाही, हे मुख्याध्यापकबाई माझा एक तास पाहून ठरवणार होत्या. धडा गुणसूत्रांचा. मी लोकरीचं एक दोनपदरी गुणसूत्र विणलं, आणि त्याची एक प्रत. गुणसूत्राच्या टोकाला टेलोमिअर असतो. त्यात डीएनएची तीच सहा अक्षरं हजारो वेळा येतात (फोनवरच्या तुझ्या सूचनांसारखी). शेवटी एक पदर जरा लांब असतो. तो मागे वळून दोन पदरांच्या मध्ये खोचला जातो, वर प्रथिनांचं आवरण बसतं. म्हणजे तू मला लहानपणापासून सांगतेस तेच: टोक लोंबतं ठेवू नये, मागे वळवून विणीत खोचावं. पेशीने ऐकलं. मी म्हटलं, सकाळी खोचू.

सकाळी घाईत गुंडाळी तशीच पिशवीत कोंबली. बाबांना सुटं टोक बघवत नाही, हे विसरले. त्यांनी रात्रीच गुणसूत्राचं आणि प्रतीचं टोक एकमेकांना पीळ देऊन जोडलं होतं, वर टेप. (पेशीतही असे बाबा असतात. उघडं टोक दिसलं की तुटलंय समजून दुसऱ्याला जोडतात. टेलोमिअर त्यांच्यापासूनच टोक लपवून ठेवतो.)

वर्गात पेशी विभागायची वेळ आली. खिडकीकडच्या मुलींनी गुणसूत्र ओढलं, दाराकडच्यांनी प्रत. वेगळी होईनात. मुली जिद्दीच्या. शेवटी वीण मधेच फाटली, टेप टिकली (हे ऐकून बाबा दिवसभर खूश). पेशीतही असंच फाटतं, असं मी सांगत होते, पण वर्ग हसत होता. बाई म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा दाखवा. टोकांसकट."

तेव्हा रविवारी ये आणि खोचायला शिकव. शेकडो वेळा शिकवलंयस, ठाऊक आहे.

तुझी,
अर्धवट विणीची भाची

ता. क. येताना राखाडी लोकर आण. गुणसूत्रं तू बाबांना विणलेल्या स्वेटरची होती. त्यांनी अजून विचारलेलं नाही. थंडीच्या आत नवा होईल का?

ता. क. २. पाकीट चिकटवताना बाबा मागे उभे होते. म्हणाले, "जोडतानाच ओळखली लोकर. गळ्याशी टोचायचा तो. नवा सैल विण म्हणावं, पण पत्रात माझं नाव घालू नकोस." घातलेलं नाही.