माल हलवण्याआधी चादर उचलावी

मी, खाली सही करणारी, धंद्याने सोफे शिवणारी आणि गल्लीत सोफेवाल्या मावशी म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. दबाव आणायचा प्रयत्न झाला होता, पण तो साधला नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी मला तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितलाच, शिवाय त्यांच्या सोफ्याला कोणते कापड लावले होते आणि त्यासाठी त्यांनी किती घासाघीस केली होती, तेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

कलम एक. माझे राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. मुलाने खिडकीच्या बाजूसाठी हट्ट धरू नये. लहानपणापासून त्याला प्रत्येक ठिकाणी खिडकीच लागते.

कलम दोन. रस्त्यालगतचा गाळा मात्र दोघांपैकी कोणालाही नाही. तो बालवाडीसाठी राहील. तो विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. माझा मुलगा विमा विकतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या मरणाची काळजी करतो, आणि घरी आला की माझ्या गाळ्याची. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "आई, मोबाइलवाला म्हणशील ते भाडं द्यायला तयार आहे."

"त्याच्याकडे पोरं झोपतील का?" मी विचारले.

"मोबाइलच्या दुकानात पोरं कशाला झोपतील?"

"मग झालं तर."

आता हे कलम कशासाठी, ते लिहिणे भाग आहे. आमच्या मागच्या वस्तीतल्या बायका उजाडायच्या आत कामाला निघतात. कोणी ऑफिसांचे जिने धुते, कोणी इस्पितळातल्या चादरी. चौकातली रंगीत फाटकाची बालवाडी दहाला उघडते, भरपूर फी घेते आणि आधी मुलाखत घेते. मुलाची नव्हे, आईची. पोराला अजून नाक शिंकरता येत नाही आणि आईला विचारतात, घरी कोणती भाषा बोलता. त्यामुळे या बायका पोराला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायच्या. एका जिनेवालीने हे मला सहज, भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले. मी म्हटले, "कडी कसली लावतेस? आण इकडे." मग तिच्यामागून बाकीच्याही आल्या. कापसाच्या ढिगावर, फोमच्या तुकड्यांवर, गिऱ्हाइकांच्या सोफ्यांवर पोरे झोपू लागली.

एकदा डॉक्टरीणबाईंचा सोफा तयार झाला. आमच्या ह्यांनी त्यावर चादर घातली आणि टेम्पोवाल्याबरोबर तो उचलला. उचलताना माझ्यावरच डाफरले, "काथ्या जास्त भरलास!" मी म्हटले, "काथ्या मोजका आहे, तुमचं वय झालंय." सोफा गेला. तिकडे बाईंनी चादर ओढली, तर जिनेवालीची तीन वर्षांची मुलगी उठून बसली आणि म्हणाली, "खाऊ कुठंय?" बाई किंचाळल्या, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेले. मग त्यांनी तिला दूध पाजले आणि निरोप धाडला, "सोफा आवडला. पार्सल परत न्या."

इकडे मुलीला न्यायला आलेली जिनेवाली, ती सापडेना म्हणून दारातच बसून होती. मुलगी परत आल्यावर तिने तिला घट्ट धरले, खूप रडली, मला नाही नाही ते बोलली आणि निघताना हळूच विचारले, "उद्या आणू ना हिला?" ते ऐकून मलाच रडू फुटले. जिथे पोर हरवले तिथेच दुसऱ्या दिवशी आणायचे, कारण दुसरी जागाच नाही. त्या दिवसापासून गाळ्याचा नियम झाला: चादर उचलून, बैठक दाबून पाहिल्याशिवाय माल हलवायचा नाही. ह्यांनी तो शेवटपर्यंत पाळला. काथ्याबद्दल माफी मात्र मागितली नाही.

कलम तीन. बँकेतल्या माझ्या ठेवीला कोणी हात लावू नये. तिच्या व्याजातून बालवाडीच्या बाईंचा पगार आणि मुलांचे खाणे भागवावे. बाई म्हणून पार्सलचीच नेमणूक व्हावी. होय, तीच. रीतसर शिकून आली आहे, आता कोणी सोफ्यात घालून नेऊ शकणार नाही.

कलम चार. बालवाडी जिनेवाल्यांच्या वेळेला उघडावी, बाईंच्या झोपेच्या वेळेला नव्हे. पार्सल, हे तुला उद्देशून आहे. फी घेऊ नये. गरिबीचा दाखला मागू नये. पहाटे झाडू घेऊन दारात उभी असलेली आई हाच दाखला.

कलम पाच. माझी मोठी कात्री मुलीला. शेजारच्या हार्डवेअरवाल्यांचा या कात्रीवर कित्येक वर्षे डोळा आहे. पोरांचा गोंगाट झाला की ते भिंतीवर ठोकायचे आणि मग कात्री उसनी मागायला यायचे. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून मी त्यांना आग्रहाने साक्षीदार केले आहे.

कलम सहा. या सगळ्याची अंमलबजावणी मुलाने आणि मुलीने मिळून करावी. मुलाने हरकत घेतल्यास घरातला त्याचा वाटाही बालवाडीला जाईल. तो हरकत घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच कापसाच्या ढिगावर तोही झोपून मोठा झाला आहे. पण वकिलांनी लिहायला सांगितले, आणि लिहून बरे वाटले.

शेवटचे कलम. दुपारी मी गाळ्यातल्या दिवाणावर आडवी होते, तेव्हा एखाददुसरे पोर येऊन मला चिकटून झोपते. माझे मरण तिथेच यावे अशी इच्छा आहे. तसे झाले, तर मला उचलणाऱ्यांनी गाळ्याचा नियम पाळावा. मी जड लागले, तर काथ्याला दोष देऊ नये. आधी चादर उचलून पाहावी.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सोफा अजून वापरात)
साक्षीदार: हार्डवेअरवाले (कात्रीबाबत निषेध नोंदवून)
सही: सोफेवाल्या मावशी
ठिकाण: गाळ्यातली कापड बेतायची फळी
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तोच. मुले झोपली आहेत, म्हणून शिक्का हळू मारला.