राजाबाई कोण, ते कळवावे

हर्सूल, औरंगाबाद

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या पायांशी मल्हारीचा दंडवत. इकडं आम्ही सगळे जिवंत आहोत. त्याच्या पुढचं काही छातीठोक सांगता येत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्ही पाठवलेल्या भुईमुगाच्या शेंगा पोचल्या, संपल्या, पण पोच द्यायला सवड झाली नाही. (रामकिसन, तू लेक आहेस तर आईला पत्र सावकाश वाचून दाखव. कंसातलं वगळलंस तरी चालेल.)

पत्रास कारण, आपली वंशावळ. हसू नका. तुमच्या भावाचं, म्हणजे आमच्या आबांचं, ध्यान आता ठिकाणावर नसतं. दिवसभर गुमान बसतात आणि दिवस कलला की ओट्यावर येऊन विचारतात, राजाबाई आली का? तळ्यावर मेंढरं घेऊन गेली, ती अजून कशी आली नाही? मेंढरं विकून तीस वर्षं झाली, आणि राजाबाई नावाचं माणूस आमच्या घरात नाय की दारात नाय. कोण राजाबाई, असं विचारलं तर माझ्याकडंच असं बघतात की येडा मी आहे. ती आल्याशिवाय घास घ्यायचा नाही म्हणतात, आणि खरंच घेत नाहीत. माणूस वाळून चाललंय, आत्याबाई.

त्यात आईचं निराळंच. तिच्या मते ही राजाबाई म्हणजे आबांची लग्नाआधीची कुणीतरी. म्हणून तिनं आबांशी अबोला धरलाय, या वयात! हातभर अंतरावर बसून दोघं माझ्या तोंडून एकमेकांना निरोप धाडतात. म्हटलं, राजाबाई आपली कुणी पणजी-खापरपणजी निघाली तर आईचा संशय फिटेल आणि आबांनाही काहीतरी समजावता येईल. वंशावळ काढायला घेतली ती अशी, हौस म्हणून नव्हे.

पण वेळ कुठून आणू? ऑफिसात मार्चअखेर, म्हणजे उरला रविवार. पहिल्या रविवारी साहेबांच्या मेव्हण्याला वेरूळ दाखवायला जावं लागलं. (गडी दर लेण्यात विचारायचा, हे कुणी खोदलं? मला माझा खापरपणजा सांगता येईना, मी त्याला काय सांगणार कप्पाळ!) दुसऱ्या रविवारी बायकोच्या मावसबहिणीचं लग्न. तिथं बायकोची सगळी वंशावळ जेवायला बसली होती, मी वाढत होतो.

तिसऱ्या रविवारी कसाबसा पडेगावला बानाकाकूकडं गेलो. आबांच्या थोरल्या भावाची बायको. तुम्ही सोडल्या तर त्या काळचं तेवढंच माणूस शिल्लक. मी ऑफिसातला माणूस, म्हटलं काम शिस्तीत करावं, मूळ पुरुषापासून खाली यावं आणि राजाबाईचं शेवटी विचारावं. पण काकू नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं घेत नाही, आजेसासऱ्याचा विषय निघाला की पदर पुढं ओढते. थोरलं मालक, त्यांचं मालक, त्यांच्याहून थोरलं मालक; आपलं सगळं खानदान मालकांचं निघालं आणि नाव एकाचंही कळलं नाही. उखाण्यात घे म्हटलं तर ऐंशीची बाई लाजली. शेवटी दुपार कलेपर्यंत विनवल्यावर तिनं काकांचं नाव घेतलं, जे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेवढ्यात बसची वेळ झाली आणि राजाबाई राहूनच गेली. पुन्हा जायला रविवार मिळालेला नाही.

तेव्हा आत्याबाई, तुम्ही या घरच्या लेक. बापाआज्याचं नाव घ्यायला तुम्हाला आडकाठी नाही. रामकिसनला सांगून मूळ पुरुषापासून सगळी नावं क्रमवार कळवा, आणि राजाबाई कोण ते शेवटी. मी थकलोय. आबा उपाशी, आई मुकी, आणि मला निवांत रडायलासुद्धा रविवार मोकळा नाही.

आपला भाचा,
मल्हारी

ता. क. पाकिटावर 'साळूबाई' असं तुमचं नाव घालत होतो, तर आबा जवळ आले. कुणाला लिहितोस म्हणाले. अजिंठ्याच्या आत्याला, असं सांगितलं. तर म्हणाले, "राजीला व्हय? मग साळूबाई कशाला लिव्हतो? ते तिच्या सासरच्यांनी ठिवलेलं."

म्हणजे राजाबाई तुम्हीच! रझाकारांच्या धामधुमीत तुमचं लग्न घाईनं उरकलं, सासरी नाव बदललं, आणि आई नांदायला आली ती त्यानंतर. तिला तुम्ही वन्सं, आम्हाला आत्या, आणि आबाही शुद्धीत होते तोवर तुम्हाला नुसतं 'बाई' म्हणायचे. तुमचं माहेरचं नाव विचारायला या घरात कुणाला सवडच झाली नाही. दिवाळीला तुम्हाला आणायलाही कैक वर्षांत कुणी गेलं नाही. मला लई लाज वाटते, आत्या.

आणखी एक ता. क. वंशावळ राहू द्या. येत्या शनिवारी रजा टाकून मी तुम्हाला न्यायला येतो. साहेबांना काय बोंबलायचं ते बोंबलू द्या. (रामकिसन, हा कंस वाचून दाखव: आईचं बोचकं बांधून ठेव.) आमच्या आईचा आबांशी अबोला सुटला; वन्संना इतकी वर्षं आणलं नाही म्हणून आता तो माझ्याशी धरलाय. पत्र नव्यानं लिहायला वेळ नाही, म्हणून आहे तसंच टाकतो. आबा शेजारी बसून लिहायला लावतायत, ते तेवढं त्यांच्याच शब्दांत घालतो: "राजे, मेंढरं मी आणतो. तू नुसती घरी ये."