नळापाशी बसणं

अहो,

तुम्ही टँकरच्या रांगेत गेलात अन दादा आला. त्याच्यासंगं सोलापूरला दवाखान्यात चालले. भाकरी टोपल्यात हाय. वरणात मीठ न्हाई, वरून घ्या. मामंजींची गोळी तेवढी विसरू नका.

माझ्या छातीवरचा वण भाजल्याचा न्हाई. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली मी सहा वर्षांची होते. मुंबईला नेऊन माझ्या काळजातलं भोक बुजवलं. दर साली दाखवायला आणा, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी पेढे वाटले अन परत कधी नेलं न्हाई. लग्न ठरताना आईनं शपथ घातली, म्हणून मी गप राहिले.

पायाला सूज आली तवा तुम्ही म्हणालात, घागरी वाहून आली असंल. मलाबी तसंच वाटलं. परवा गपचूप दाखवून आले. ते बुजवलेलं काळीज आता लई दमलंय म्हणं, अंगात पाणी साचून राहिलंय. साऱ्या शहरात प्यायला पाणी न्हाई, अन मला डॉक्टर सांगायलेत, पाणी कमी प्या. मला हसूच आलं.

रागवा, पण सोलापूरला या.

महिन्यातून एकदा येणाऱ्या नळापाशी मी रातभर भिंतीला टेकून बसते, म्हणून तुम्ही गल्लीत माझं कौतुक सांगता. मी नळाची वाट बघत न्हवते. आडवी झाले की बुडल्यावानी होतं.

उमा