दहा बोटं

३ डिसेंबर १९९६, मंगळवार

आले बाई एकदाची दिल्लीला! अशोक स्टेशनावर घ्यायला आला होता, माझ्या लेकाला चक्क पोट सुटलंय. मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सोसायटी नवीकोरी, जिन्यात अजून रंगाचा वास येतो. टीव्हीवर म्हणे चाळीस चॅनेल लागतात. आमच्याकडे वाईला एकच, तोही अँटेना हलवली तर. असो. ही वही केतकीनं दिली. केतकी माझी नात, पंधरावं सरेल आता, डाव्या भुवईत तीळ. म्हणाली, आजी, तू तिसरीपर्यंतच शिकलीस ना, रोज लिही, हात वळेल. आणि ही पोरगी सीरियलमध्ये काम करते! दारातच बिलगली. मी गालांवरून हात फिरवले आणि माझ्या कानशिलांवर दहाही बोटं कडाकडा मोडली. एकही मुकी राहिली नाही, म्हणजे दृष्ट लागली होतीच. साधना, आमची सून, म्हणाली, आई, रोजच मोडत जा, हिला बघायला खाली पोरं जमतात.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज केतकीबरोबर नोएडाच्या स्टुडिओत गेले. सीरियलचं नाव ‘बरसाती नंबर सात’. बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली, हे मला इथं येऊन कळलं. केतकी, हरलीन, तनुज आणि देबू, अशी चार कॉलेजातली पोरं त्या खोलीत धिंगाणा घालतात आणि लोक हसतात. पण हा भाग वेगळा आहे. एकेक पोर गायब होतं, आणि करणारा कोण ते शेवटच्या दिवसापर्यंत खुद्द पोरांनाही सांगायचं नाही.

डायरेक्टर नरसिंहसाहेब, फार हळू बोलतात. आजीचं काम करणारी बाई आज आलीच नाही. मी आपली नऊवारीत भिंतीशी दाणे सोलत बसलेले. झालं! उचलून खुर्चीत बसवलं, या एवढाल्या बत्त्या लावल्या. तनुज पाया पडला. गोड पोरगं, पुढचा दात किंचित तुटलेला. मी सवयीनं त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. साहेब उठूनच उभे राहिले. म्हणाले, अम्माजी, यही चाहिए, बस यही. मी टीव्हीत! वाईला शेजारच्या शेवंताला पत्र टाकलं पाहिजे, तिला पटायचं नाही.

९ डिसेंबर, सोमवार

तनुज आला नाही. केतकीला विचारलं तर म्हणाली, कोण तनुज? यार आजी, आम्ही तिघंच आहोत पहिल्यापासून. पाठीवर नावं लिहिलेल्या त्यांच्या खुर्च्या असतात, त्याही तीनच. मला वाटलं, थट्टा करतायत, गायब व्हायचाच भाग आहे ना. देबू तर पोट धरून हसला, म्हणाला, दादीजीने नया हीरो डाल दिया.

आज हरलीनवरून बोटं मोडायला लावली. वेणी केवढी लांब पोरीची, गुडघ्यापर्यंत.

१० डिसेंबर, मंगळवार

खुर्च्या दोन.

केतकीच्या हातात स्टीलचं कडं आहे, हरलीननं दिलेलं. परवाच कौतुकानं दाखवत होती. आज विचारलं कुणी दिलं, तर नुसती मनगट चोळत राहिली. आणि मला तरी कुठं हरलीनचा चेहरा आठवतोय? वेणी वहीत लिहिली आहे, म्हणून आहे. तनुजचा दातही वहीतच.

घरी केतकीवरून रोज बोटं मोडते, तिला काही होत नाही. तिथं त्या बत्त्यांखाली होतं. माझ्याच हातांनी होतं.

देबूच्या वेळी मी नाही म्हटलं. बोटं दुखतात म्हणाले, पदरात गुंडाळून बसले. तर त्या वेड्यानं हसत हसत माझे हात सोडवले, स्वतःच गालांना लावले, उलटे करून माझ्या कानशिलांवर दाबले. वाजली. दहाही.

नरसिंहसाहेब हळूच म्हणाले, अम्माजी, आप पर किसी को शक नहीं होगा.

११ डिसेंबर, बुधवार

खुर्ची एकच. केतकीची.

अशोकला सगळं सांगितलं, वही दाखवली. म्हणाला, आई, हवा बदलली की होतं असं, झोप तू. साधना म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ या. केतकीचे पाय धरले मी. नातीचे पाय! रडायलाच लागली पोर. पण म्हणाली, आजी, उद्या क्लायमॅक्स आहे, मी नाही गेले तर सगळ्यांची मेहनत वाया. सगळ्यांची म्हणजे कुणाची गं, विचारलं.

मी घरी बसले तर ती एकटी जाणार. खुर्चीत दुसरी कुणी बसली तर तिचे हात काही माझ्या ताब्यात नाहीत. माझे तरी माझे आहेत.

मीच बसणार. हात मांडीखाली घालून बसणार. साहेब काहीही म्हणोत. देवा, एवढा एकच दिवस.

१२ डिसेंबर, गुरुवार

हातांवर बसले होते. मुंग्या आल्या तरी हलले नाही. मग दार उघडलं आणि ती आली. माझं लग्नातलं हिरवं लुगडं नेसून, साधनाकडून मागून घेतलेलं, मला चकित करायला. नाकात नथ. खाली वाकून म्हणाली, आजी, कशी दिसते?

किती सुंदर दिसत होती. एवढंच आलं मनात. कुणाची नजर न लागो माझ्या

हात वर गेलेच होते. मी आवाज ऐकला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ

विसरायच्या आधी लिहिते. केतकी. केतकी. अशोकची लेक. भुवईत तीळ — डाव्या. कडं — कुणाचं ते — स्टीलचं. हिरवं लुगडं. मला वही दिली.

ताटं तीनच मांडली आहेत. अशोक विचारतोय, आई, नोएडाला कशाला गेली होतीस, तिथं आपलं कोण आहे?

आहे रे. आपलीच. थांब, सांगते, वहीत — तिला गूळपोळी — नाही, साखरभात — वाकून काहीतरी विचारलं तिनं मला, मी उत्तर नाही दिलं —

बोटं फार दुखतायत. पहिल्या पानावर अक्षर माझंच आहे. ही वही केतकीनं दिली. केतकी माझी