नातवाची सव्वा मूठ

माय, तुझ्या आयुष्यात अमेरिका एकदाच आली, दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल ज्वारीतून. ते पीठ मळताना तू वैतागली होतीस. "हाई कोन्या देशनी ज्वारी शे रे, भाकर थापाईच नही ऱ्हायनी," असं म्हणत तुटलेली भाकर तू पुन्हा गोळा केलीस. सोनगीरच्या किल्ल्यामागे उतरणारं ऊन दारातून तुझ्या पाठीवर पडलं होतं, आणि मी ताटली घेऊन बसलो होतो. तेवढ्यावर तुझा त्या देशाशी संबंध संपला. माझा मात्र आता डोळे उघडल्याबरोबर सुरू होतो. दात घासायच्या आधी मी मोबाइल घेतो आणि तिथल्या अध्यक्षाने, आपण इकडे झोपलेले असताना, कोणता हुकूम काढला ते बघतो. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी गेली, पण साहेबाच्या हुकमाचीसुद्धा मी कधी इतकी धास्ती घेतली नव्हती.

मेहरूणच्या तलावावर आम्ही काही म्हातारे सकाळी फिरायला जातो. पूर्वी अध्यक्ष म्हटलं की जिल्हा परिषदेचा, आणि भाव म्हटला की केळीचा. आता कठड्यावर बसल्या बसल्या सगळे त्या एका माणसावरच बोलतात. त्याने आज भारताच्या मालावर कर वाढवला, उद्या अमुक देशाला दम दिला. ज्यांचं तिकडे कुणी नाही त्यांना तमाशा बघितल्यासारखी मजा वाटते. "नाना, तुमचा पोऱ्या तं तठेच शे ना? मंग काय म्हनस तो?" असं कुणीतरी विचारतं, आणि मी बुटाची नाडी बांधायला वाकतो. कारण तो काहीच म्हणत नाही. पहिले काही महिने म्हणायचा. मग एक दिवस म्हणाला, "पप्पा, फोनवर त्याचा विषय काढत जाऊ नका, आणि ते विनोद पाठवणं बंद करा." मी हसलो. तो हसला नाही. आपल्या घरात कुणी कुणाशी बोलताना आवाज खाली केलेला मला आठवत नाही, माय. माझं पोरगं सात समुद्रांपलीकडे स्वतःच्या घरात बसून आवाज खाली करत होतं.

तो माणूस गेल्या वर्षी जानेवारीत गादीवर बसला, तेव्हा सूनबाईला दिवस गेलेले होते. पहिल्याच दिवशी त्याने जे हुकूम काढले त्यातला एक असा, की आईबाप कच्च्या परवान्यावर राहत असतील तर तिथे जन्मलेलं मूल यापुढे तिथलं धरायचं नाही. पोटातल्या बाळाचं काय करायचं हे कोर्टात अडकलं. एकदा बातमी यायची की हुकूम थांबला, पुन्हा यायची की अजून ठरायचं आहे. वैशाखात बाळ झालं. मुलगा झाला. पेढे मी वाटले, पण घेताना प्रत्येकाने तेच विचारलं, "मग आता हा कुठला?" गंमतच करत होते सगळे. मलाही सुरुवातीला गंमत वाटली.

श्रावणात बाळाला घेऊन ते येणार होते. श्रावणातली आपली कानबाई देवी आता जळगावला आपल्याच घरी बसते. तुझ्यासारखंच नारळाला नथ घालून, पातळ नेसवून तिला चौरंगावर मांडतो, आणि रोटाच्या प्रसादासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतो. तिकिटं काढलेली होती. मग फोन आला. "पप्पा, आत्ता बाहेर पडलो तर परत आत घेतील याची खात्री नाही. ऑफिसातले सगळे सांगतात, थांब." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. वास्तविक मला राग आला होता, आणि त्या माणसावर रागवायची माझी काय ऐपत, म्हणून तो पोरावर निघाला.

गहू काढताना तुझी बेतशीर मूठ आठवते. आधी घट्ट आवळलेली एक, मग चार बोटांत मावेल तेवढी पाव. प्रत्येक मुठीला तू नाव घ्यायचीस. सुरतेच्या गिरणीत गेलेला धाकटा काका वर्षानुवर्षं फिरकला नव्हता, पत्र नाही की निरोप नाही, तरी तू त्याचं नाव घेतलंस तेव्हा मी मध्येच बोललो होतो, "तो तर येतच नाही, मग त्याचे गहू कशाला?" गव्हाचा कोंडा लागलेला हात तू माझ्या तोंडावर ठेवून दिलास. "तो आठे नही म्हनीसन त्यानी मूठ नही? कोन आपला शे, कोन नही, हाई तू ठरावशी का रे?" गाल हुळहुळत होता. तू पुढचं नाव घेतलंस. तू गेल्यावर दहाव्याला काका आला, पिकलेला, ओळखू न येणारा. ओट्यावर बसून त्याने मला पहिली गोष्ट विचारली, "वहिनी मनी मूठ काढे का?" मी हो म्हणालो, तसा तो पंचाने तोंड झाकून रडला. आणि माझ्या पोराची पहिली मूठ तर तूच काढलीस. तो तेव्हा तान्हा, पहूरला आजोळी होता, त्याला तू अजून पाहिलंही नव्हतंस.

हे सगळं मला ठाऊक असताना मी काय केलं ते ऐक. परातीपुढे तुझी सून, म्हणजे पोराची आई, बसली होती. माझी मूठ झाली, पोराची झाली. मग तिने डब्यात हात घातला आणि हसून म्हणाली, "आता आपल्या छोट्याची." मी म्हणालो, "त्याची राहू दे." तिने वर पाहिलं. "अहो, असं काय? वारस आहे तो घराचा." मी म्हणालो, "आधी इथं येऊ दे, देवीपुढे बसू दे. अजून त्याचं कुठलं काही ठरलेलं नाही." तिने मूठ उघडली आणि गहू डब्यात परत पडले. अजून ठरायचं आहे, हे मी सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर वाचत होतो, तेच शब्द माझ्या तोंडून निघाले. तिकडे तो माणूस म्हणतो हे मूल आमचं नाही, आणि इकडे त्याचा सख्खा आजोबा फुरंगटून बसलेला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कानबाई विसर्जनाला नेली तेव्हा मी पाण्यात उभा राहून मागितलं, "माझ्या पोराला एकदा घरी आण." पोराला, एवढंच म्हणालो. दुसरं कुणाचं नाव मी घेतलं नाही.

तिने आणलं, माय. डिसेंबरात आला तो, एकटा. परवान्यावरचा जुना शिक्का संपला होता, नवा इथल्या वकिलातीतूनच घ्यावा लागतो. मुंबईच्या मुलाखतीची तारीख मिळाली होती, बायको-बाळाला कशाला धोक्यात घालायचं म्हणून त्यांना तिथेच ठेवून तो आला. लगेच परतायचं होतं, बॅगही लहान होती. तो उतरला आणि नवा नियम आला, की प्रत्येकाने मोबाइलवर काय लिहिलं ते आधी तपासणार. तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. आता उन्हं तापायला लागलीत आणि तो वरच्या खोलीत बसून आहे. थंडीचे कपडे घेऊन आलेला, माझे सदरे घालतो. तिकडचं ऑफिस किती दिवस थांबेल कुणाला माहीत. नोकरी गेली तर परवाना गेला, परवाना गेला तर तिकडे दोघांनी कशाच्या आधारावर राहायचं, हे तो मला समजावून सांगत नाही. संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीत बसतो आणि खाली एखादी गाडी थांबली की तो तिकडच्या सवयीने उगाच दचकतो.

सकाळी तिकडे रात्र होते, तेव्हा सूनबाई झोपवायच्या आधी बाळाला फोनपुढे धरते. ते आता पलंगाला धरून उभं राहतं. परवा तिने विचारलं, "पप्पा कुठेत?" तर त्याने मोबाइल उचलला आणि छातीशी धरला. ती कौतुकाने हसली, आम्हीही हसलो. फोन बंद झाल्यावर पोरगा जिन्यात जाऊन बसला. त्याच्या शेजारी बसावं असं वाटलं, पण मला श्रावणातला तो डबा दिसत होता. तुझ्या सुनेने आजवर त्या मुठीचा एका शब्दाने उल्लेख केलेला नाही. ती बोलत नाही याचीच मला भीती वाटते.

यंदा गहू मी स्वतः काढीन, आणि पहिली मूठ छोट्याची. तो कुठला ठरायचा तो ठरो. ते ठरवणारा मी कोण, हे तू मला तोंडावर हात ठेवून शिकवलं होतंस. पण श्रावण अजून लांब आहे, आणि तोवर रोज सकाळी उठून मोबाइल बघायचाच आहे. हे पत्र तुला पोचायचं नाही, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवतोय, तरीही एक गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. काल दुपारी पोरगा खाली आला आणि म्हणाला, "पप्पा, तारीख पुन्हा पुढे गेली." मी देवघरात गेलो. वाटलं होतं, देवीची माफी मागीन, त्याला बाळाकडे पोचव म्हणून सांगीन. हात जोडले, डोळे मिटले, आणि माझ्या तोंडून निघालं, "अजून थोडे दिवस इथंच राहू दे त्याला."