नमुना म्हणून भरलेला फॉर्म

३ जून, सोमवार
मानसिक आरोग्य सप्ताहाची जबाबदारी साहेबांनी माझ्या गळ्यात मारली. कारण काय, तर एचआरमध्ये मी एकटीच कायम हसतमुख. खरं आहे. संकल्प: शुक्रवारपर्यंत ऑफिसातल्या सगळ्या लग्न झालेल्या बायका टेन्शन-फ्री करून सोडायच्या. त्यासाठी बाहेरून समुपदेशकबाई येणार आहेत. मला स्वतःला असली थेरं परवडत नाहीत.

अकराला लेडीज टॉयलेटमध्ये जाऊन थोडं रडून आले. एसीची ॲलर्जी. रोज याच वेळेला होते.

४ जून
फॉर्म तयार. नाव घालायचं नाही, मोकळेपणाने लिहायचं. सोबत भरलेला नमुना बोर्डावर लावला, कारण आमच्याकडे नमुन्याशिवाय कुणी पेन उचलत नाही. (मागे रजेच्या अर्जाच्या नमुन्यात मी 'भाचीचं लग्न' लिहिलं होतं. महिनाभर अख्खा स्टाफ भाच्या उजवत होता.)

नमुन्यातली उत्तरं अर्थात रचलेली. ऑफिस सुटल्यावर काय करता? बिल्डिंगखाली गाडीत वीस मिनिटं बसून राहते. मनापासून शेवटचं कधी हसलात? आठवत नाही. पाच मिनिटांत भरून झाला. कल्पनाशक्ती दांडगीच माझी.

४ जून, संध्याकाळी ७.१०
घरात शिरायला उशीर. नवरा म्हणाला, गाडी तर केव्हाची खाली दिसतेय. म्हटलं, रेडिओवर गाणं चालू होतं. गाडीतला रेडिओ बिघडून वर्ष झालं, हेही त्यानेच सांगितलं. माणूस नको तेवढा चौकस.

मशीनमधले कपडे वाळत घालायचं जिवावर आलं, म्हणून तेच परत धुवायला लावले. तिसरी वेळ. स्वच्छतेत तडजोड नाही. उद्यापासून पहाटे चालायला जाणार.

५ जून
गेले नाही. अंगावरचं पांघरूण निघेना.

फॉर्म आले. सव्वीसच्या सव्वीस, नमुन्याची नक्कल. डोकंच सणकलं. नावं नसली तरी अक्षरं मी ओळखते. रिसेप्शनिस्टला बोलावून झापलं, तुझ्याकडे गाडी कुठाय? ती शांतपणे म्हणाली, म्हणून तर 'जिन्यात' लिहिलंय मॅडम, नीट वाचा. घरच्या दाराआधीच्या पायऱ्यांवर बसते ती. अकाउंट्सवालीने लिहिलंय बाथरूममध्ये, नळ सोडून. तिला विचारलं, तर म्हणाली, तुमचा नमुना वाचून धीर आला, नाहीतर 'सगळं छान' लिहून मोकळी होणार होते.

कसला धीर, कळलं नाही. बायका अगदीच कच्च्या मनाच्या. केबिनचं दार लावून घेतलं. ॲलर्जी.

६ जून
समुपदेशकबाईंनी सगळे फॉर्म वाचले आणि नमुना तेवढा बाजूला काढला. कुणाचा म्हणून विचारलं. म्हटलं, कुणाचाच नाही, काल्पनिक आहे. मग त्या काल्पनिक बाईंना उद्या अकराला पाठवा, म्हणाल्या. म्हटलं, अकराला नाही जमणार, तेव्हा मी लेडीजमध्ये असते.

त्यांनी ते लिहून घेतलं.

७ जून
अकराला गेले. बाकीच्यांना संकोच वाटू नये, एवढ्याचसाठी. बाईंचा पहिलाच प्रश्न, कशा आहात? एचआरमध्ये बारा वर्षं काढलेल्या बाईला याचं उत्तर पाठ असायला हवं. शेवटी विचारलं, याचा भरलेला नमुना मिळेल का?

त्यांनी माझाच पुढे केला. वरपासून खालपर्यंत वाचला. एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या खोलीत एसी नव्हता.